दसऱ्याचं मशीन

पीएचडीला मला प्रवेश मिळाला तो बाबांच्या एका वाक्यावर, आणि ती जवळजवळ बुडाली ती आमच्याच देव्हाऱ्यातल्या एका डबीमुळे. दोन्हींत बाबांची काडीचीही चूक नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना ते अजून पटलेलं नाही.

बाबा टर्नर. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत एक गाळा आहे, तिथे चार लेथ मशीनं आणि बाबा. आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग बाबांनी हे काम धरलं आणि पुन्हा सोडलं नाही. आम्ही नाहूरला राहतो. वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट स्वयंपाकघरात येतो, आई धडाधड खिडक्या लावते आणि बाबा म्हणतात, ‘कित्याक लावतंस? वास काय बेल वाजवून येता?’ घरात मालवणी, बाहेर मराठी, आणि रागावलं की दोन्ही एकदम. या घरातून कोणी विज्ञानात संशोधन करेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. एमएस्सीला बरे मार्क पडले, एका बाईंनी ‘तू पुढे कर गं’ म्हटलं आणि मी गुळाला मुंगळा चिकटावा तशी त्या वाक्याला चिकटले.

प्रवेशपरीक्षा तीनदा दिली. पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा पास झाले, दोन ठिकाणी मुलाखतीला गेले आणि दोन्ही ठिकाणांहून हात हलवत परत आले. अर्जात ‘या विषयाकडे का वळलात’ असा रकाना असतो. त्यात मी ‘लहानपणापासून मला निसर्गाचं कुतूहल होतं’ असं ठोकून दिलं होतं. लहानपणी मला कुतूहल होतं ते शेजारच्यांकडे केबल आहे आणि आपल्याकडे का नाही याचं. मुलाखत घेणाऱ्यांना असली वाक्यं दिवसाला चाळीस ऐकू येत असणार.

तिसऱ्या वर्षी तिसरी मुलाखत. टेबलामागे पाच जण, त्यातल्या एक मॅडम चहात बिस्किट बुडवत होत्या. त्यांनीच विचारलं, ‘तुम्ही काहीतरी मोजलंत. ते बरोबर आहे हे कशावरून?’ मला सूत्रं पाठ होती. एकही आठवलं नाही. तोंडातून निघून गेलं, ‘माझे बाबा टर्नर आहेत. ते म्हणतात, एकदा मोजलं म्हणजे मोजलंच नाही. तीनदा मोजायचं, आणि दर वेळी मायक्रोमीटर आधी शून्यावर आणायचा. नाहीतर तीच चूक तीनदा मोजली जाते.’

मॅडमचं बिस्किट चहात पडलं. यादी लागली तेव्हा शेवटून दुसरं नाव माझं होतं, आणि गाईड त्याच मॅडम. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘ह्या तर आमच्याकडे हेल्परपण सांगीत.’ पण त्या दिवशी ते दोनदा खाली पानाच्या गादीवर जाऊन आले, आणि दोन्ही वेळा पान न खाताच. फक्त सांगायला गेले होते.

माझं काम असं होतं. मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीतून एक प्रथिन जायला लागतं, अगदी थोडं. ते लवकर कळलं तर माणूस वाचू शकतो. आम्ही एक रेणू तयार करणार होतो, जो एरवी अंधारात गप्प बसेल आणि ते प्रथिन भेटलं की उजळेल. तो उजेड मोजायला एक मशीन होतं. पेटीएवढं, करड्या रंगाचं, झाकण असलेलं. आत काचेची बारीक चौकोनी नळी ठेवायची, झाकण लावायचं, आणि समोरच्या पडद्यावर रेघ उमटायची. उजेड असेल तर रेघेला डोंगर येतो. नसेल तर सपाट.

माझी रेघ साडेतीन वर्षं सपाट होती.

हे वाक्य लिहायला एक ओळ लागते, जगायला साडेतीन वर्षं लागतात, म्हणून थोडं सांगते. रेणू बनवायला तीन आठवडे. त्यातली निम्मी खेप वाया. उरलेल्यातून पिवळसर भुकटी निघायची, ती अल्कोहोलमध्ये विरघळवून एका बाटलीत भरायची, आणि त्या बाटलीतून थेंब थेंब घेऊन महिनाभर मोजायचं. सपाट. मग रेणूचा एक कोपरा बदलायचा आणि पुन्हा तीन आठवडे. दर सोमवारी मॅडम विचारायच्या, ‘काय प्रोग्रेस?’ त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं. पण रविवारी दुपारी जेवण झालं की मी वही उघडून त्या प्रश्नाचं उत्तर जुळवायला बसायचे. माझ्याबरोबर चौघे लागले होते. एक बँकेत गेली, एक जण न सांगता गावी गेला आणि फोन बंद करून बसला. मी संस्थेच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायला शिकले. पाणी वाया जातं म्हणून पुढे नळ बंद करूनही रडायला लागले. घरी विचारलं की ‘झकास चाललंय’ सांगायचं. मावश्या विचारायच्या, ‘अजून शिकतेस?’ त्या ‘अजून’मध्ये त्या काय काय भरायच्या ते त्यांनाच ठाऊक.

चौथ्या वर्षाच्या मध्यावर समितीने समोर बसवलं. समिती म्हणजे तीन प्राध्यापक, जे वर्षातून एकदा तुम्ही जिवंत आहात का बघतात. त्यांनी सभ्य शब्दांत सांगितलं की मार्चपर्यंत एक तरी डोंगर दाखवा, नाहीतर छोटी पदवी घेऊन बाहेर पडण्याचा विचार करा. बाहेर पडायचं म्हणजे नाहूरला परत येऊन बाबांना सांगायचं की तुमची मुलगी चार वर्षं सपाट रेघ बघत होती. मी बसस्टॉपवर उभी राहिले आणि तीन बसेस सोडल्या. चढायचं कशाला तेच कळेना.

मग दसरा आला.

बाबांच्या गाळ्यात दसऱ्याला मशीन चालत नाही. आदल्या दिवशी लेथ रॉकेलने पुसायचा, लोखंडाचा छिलका काढायचा, तेल द्यायचं. दसऱ्याला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, नारळ. मग मेन स्विच बंद, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही. बाबांचा एक नियम होता, जो भटजीच्या पोथीत नसणार. आधी हळद लावायची ती हातातल्या हत्याराला, ज्याला रोज बोटं लागतात त्याला. मशीन नंतर. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे आणि मायक्रोमीटरच्या पेटीला हळद लावायचा मान माझा असायचा.

‘तुझ्या मशीनची पूजा केलंस कधी गो?’ आदल्या संध्याकाळी झेंडू ओवता ओवता बाबांनी विचारलं. हे ते दर वर्षी विचारायचे आणि मी दर वर्षी हसायचे. ‘बाबा, ते जर्मन मशीन आहे,’ असं काहीतरी म्हणायचे.

त्या वर्षी मी हसले नाही. बाबांनी वर बघितलं. साडेतीन वर्षांत त्यांनी मला कामाचं खोदून काही विचारलं नव्हतं. पण ज्या माणसाला मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं कळतं, त्याला पोरीचं ‘झकास’ कळत नसेल होय?

‘करून बघ,’ आई आतून म्हणाली. ‘काय जाता तुझा?’

काहीच जाणार नव्हतं. जायला काही उरलंच नव्हतं. देव्हाऱ्यातली हळद-कुंकवाची डबी, दोन फुलं आणि आपट्याची चार पानं रुमालात बांधून मी सकाळी संस्थेत गेले. सुट्टी होती. वॉचमनने वहीत सही घेतली आणि ‘आज पण?’ म्हणाला. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, याचं मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं विज्ञान शिकलेल्या बाईला झेंडू घेऊन मशीनसमोर उभं राहताना कोणी बघू नये.

मी काळजी घेतली. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे सगळ्यांनी विचारलं. मशीनच्या आत काही जाऊ दिलं नाही, वरच्या पत्र्याला हळदीचं एक बोट लावलं. काचेच्या नळ्यांना हात लावला नाही. पण बाबांचा नियम. ज्याला रोज बोटं लागतात त्याला आधी. माझी बोटं रोज कशाला लागायची? त्या बाटलीला. नवीन खेप नुकतीच भरली होती, आट्यांचं बूच घट्ट होतं. मी करंगळीशेजारचं बोट ओलं केलं, हळदीत बुडवलं, मग कुंकवात, आणि बुचाच्या कडेला टिळा लावला. हात जोडले. देवाला काय म्हणाले ते सांगत नाही. ती भीक होती. मग मशीन बंद केलं आणि बाबांच्या हुकमाप्रमाणे दिवसभर त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली उघडली, थेंब घेतला, प्रथिन टाकलं, झाकण लावलं.

पडद्यावर डोंगर उभा राहिला.

आधी मी मशीनवर शंका घेतली, मग स्वतःवर. प्रथिन न टाकता बघितलं, सपाट. प्रथिन टाकलं, डोंगर. प्रथिन दुप्पट केलं, डोंगर वाढला. तीनदा मोजलं. दर वेळी आलं. तीनही वेळा त्याच बाटलीतून मोजलं, हे तेव्हा मनात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं असेल आणि मी त्याला बसायला जागा दिली नसेल. डोंगर जिथे यायला हवा होता त्याच्या थोडा अलीकडे आला होता. त्याचंही कारण मॅडमनी आणि मी मिळून शोधलं, चांगलं दोन परिच्छेदांचं. माणसाला हवं असलं की कारणं रांग लावून उभी राहतात.

मॅडम त्या दिवशी मला पहिल्यांदा ‘बस ना’ म्हणाल्या. आईने आलेखाचा फोटो स्टेटसला ठेवला, वर हात जोडलेले आणि दोन गुलाब. मावशीने विचारलं, ‘ईसीजी कोणाचा गं?’ बाबांनी माझ्याकडून आलेखाची एक प्रिंट मागून घेतली. ती त्यांनी गाळ्यात लेथच्या वर भिंतीला चिकटपट्टीने लावली आणि आख्ख्या गल्लीला पेढे वाटले. वेल्डिंगवाला, स्प्रिंगवाला, समोरचा चहावाला. ‘पोरीच्या औषधान उजेड पडलो,’ असं सांगत होते म्हणे. मी हजारदा सांगितलं की बाबा, ते औषध नाही. त्यांना काही फरक पडत नव्हता.

तीन महिने मी माणसात होते. जेवण जात होतं. शोधनिबंध लिहायला घेतला. नवी खेप बनवावीशीही वाटली नाही, त्याच बाटलीतून जपून थेंब काढत राहिले. मार्चची भीती गेली. बसमध्ये खिडकी मिळाली की मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार कसे मानायचे याचा विचार करायचे.

मग प्रयोगशाळेत एक नवी मुलगी आली, पहिल्या वर्षाची, कुर्ल्याहून. शांत, वहीत कोपऱ्याकोपऱ्याने लिहिणारी, मला ताई म्हणणारी. निबंध पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून तेच उत्तर यायला हवं, म्हणून मॅडमनी तिला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. तिने रेणू बनवला, बाटली भरली, मोजलं. सपाट. पुन्हा केलं. सपाट.

सोमवारच्या बैठकीत मॅडम तिच्यावर सगळ्यांसमोर घसरल्या. ‘आधी हात स्वच्छ ठेवायला शिक. हिचं दहादा येतं, तुझं एकदाही येत नाही. मग चूक कोणाची?’ त्या दिवसापासून ती प्रत्येक काचेचं भांडं पाच पाच वेळा धुवायला लागली. तिच्या बोटांची सालं निघाली. मी बघत होते.

एक दिवस ती माझी बाटली घेऊन उभी राहिली. ‘ताई, हिच्यातून एकदा बघू का?’ मी हो म्हटलं. डोंगर आला. ती मशीनकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, माझ्यात आणि तुमच्यात फरक नाहीये ना. बाटलीत आहे.’

मी तिला म्हटलं, ‘तू रेणू नीट बनवत नाहीस. धीर धर, येईल.’

हे मी बोलले. मॅडम नाही, समिती नाही, मी. त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. ते खोटं आहे. रविवारसारखी मी तेव्हाच उत्तर जुळवायला लागले होते.

ती जेवायला गेल्यावर मी बाटली खिडकीपाशी नेली. बूच काढलं आणि उलटं केलं. बुचाच्या आतल्या आट्यांमध्ये पिवळं बसलं होतं. माझा रेणूही पिवळा, त्यामुळे इतके दिवस ते डोळ्याआड गेलं. पण त्या पिवळ्यात, दुसऱ्या आट्यात, एक लाल ठिपका होता. माझ्या रेणूत लाल काही नाही. कुंकवात असतं.

दुसऱ्या दिवशी आईच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर हळद कागदाच्या पुडीत नेली. अल्कोहोलमध्ये टाकली, गाळली, एक थेंब प्रथिनात घातला, झाकण लावलं. तोच डोंगर. त्याच जागी, थोडा अलीकडे, जिथे आम्ही दोन परिच्छेद लिहून त्याला बसवलं होतं. हळद त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि उजळते. हे पुस्तकांत आहे. शोधलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं. माझा रेणू कधीच उजळला नव्हता. उजळली होती ती, बाटली उघडताना आत पडलेली, आमची देव्हाऱ्यातली हळद.

यानंतर मी अकरा दिवस गप्प बसले.

अकरा दिवस ती मुलगी भांडी धूत होती. अकरा दिवस मॅडम निबंधात स्वल्पविराम फिरवत होत्या. मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं आणि रोज संध्याकाळी मार्च आठवायचा. मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. बाटली फोडून टाकावी, म्हणजे कोणाला कधी कळणार नाही. नव्या खेपेत जरा हळद टाकावी, म्हणजे तिचंही येईल आणि तिला बोलणी बसणार नाहीत. हा दुसरा विचार मला चक्क दयाळूपणाचा वाटला होता. वाट लागते म्हणजे काय, तर ही अशी. कोणी बाहेरून येऊन लावत नाही.

बाराव्या दिवशी, रविवारी, बाबा खुर्चीत पेपर वाचत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लेथच्या वर चिकटवलेली प्रिंट येत होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं, दसऱ्यापासून. मॅडमना सांगितलं नाही, हेही सांगितलं. आई ओट्यापाशी उभी होती, तिने गॅस बंद केला.

बाबांनी दोनच प्रश्न विचारले. ‘हळद आपली?’

‘हो.’

‘मी सांगितलंय तशी लावलंस? आधी हाताच्या वस्तूक?’

मी मान हलवली. त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. ‘बाबा, तुमचा काय संबंध?’ मी म्हटलं. ‘मी लावली, मी बूच उघडलं. पुसून घ्यायची अक्कल मला नव्हती.’ ते ऐकत होते की नाही कोण जाणे. दुपारी ते जेवले नाहीत.

सोमवारी मी संस्थेत गेले आणि पुन्हा काही न बोलता परत आले. मॅडमना ताप होता, एवढं कारण मला पुरलं. घरी आले तर बाबा नेहमीपेक्षा लवकर आलेले. टेबलावर ती प्रिंट होती, चौपदरी घडी घातलेली, कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच, आणि तेलाचा डाग.

‘सगळ्यांका सांगान इलंय,’ बाबा म्हणाले.

‘काय?’

‘की त्या खरा नव्हता. हळद पडली होती म्हणान.’

‘कोणाला सांगितलंत?’

‘पेढे खाल्ल्यानी त्या सगळ्यांका. स्प्रिंगवालो सुट्टीवर असा, त्येका फोन केलंय.’ मग चष्मा काढून पुसला. ‘तू मॅडमक सांगितलंस?’

मी त्या प्रिंटची घडी उलगडली. त्यांनी परत विचारलं नाही. हा माणूस तीस वर्षं ज्या गल्लीत मान वर करून चालला, त्या गल्लीत दारोदार जाऊन स्वतःचे पेढे खोटे ठरवून आला होता. कोणी तसं सांगितलं नव्हतं. आणि चौथीत शिकवतात तेवढं साधं खरं सांगायला मी मॅडमचा ताप उतरायची वाट बघत होते.

मंगळवारी मी बाटली, पुडी आणि दोन्ही आलेख मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी बूच उलटं करून बघितलं. ‘हे कधीपासून माहीत आहे?’

‘तेरा दिवस.’

‘तेरा दिवस,’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. ‘मुलाखतीत तू काय सांगितलं होतंस, आठवतंय?’

आठवत होतं. मी तीनदा मोजलं होतं आणि एकदाही शून्यावर आणलं नव्हतं. तिथे उभी राहून मी रडले, नळबिळ न सोडता. मॅडमनी त्या मुलीला बोलावलं आणि म्हणाल्या, ‘तुझी उत्तरं बरोबर होती. मी चुकले.’ मग माझ्याकडे बघितलं. मीही सांगितलं. तुझं खरं आहे हे मला कळत होतं तरी मी तुझ्याशी खोटं बोलले, असंच, याच शब्दांत. तिने आधी स्वतःच्या बोटांकडे बघितलं, मग मॅडमकडे. म्हणाली, ‘म्हणजे माझे हात ठीक आहेत ना?’

निबंध गेला नाही. मार्चमध्ये मी समितीपुढे डोंगराशिवाय उभी राहिले आणि हळदीची हकिगत सांगितली. एक प्राध्यापक इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसरे हसले नाहीत, त्यांनी फाइल बंद केली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. चाळीस मिनिटं मी जिन्यावर बसले होते. आत मॅडम काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली, शेवटची. जे झालं नाही ते का झालं नाही, एवढंच लिहायचं. त्या सात महिन्यांत मी काय खाल्लं, कधी झोपले, कोणाशी भांडले, आठवत नाही. वजन किती गेलं ते आईला माहीत आहे. माझा रेणू कुठे अडतो आणि का उजळत नाही, हे कुर्ल्याच्या त्या मुलीने आणि मी मिळून शोधलं. प्रत्येक खेप ती मोजायची आणि मी मोजायचे, वेगवेगळ्या बाटल्यांतून. त्या प्रबंधात एकही डोंगर नाही. तपासणारे तो पास करतील की नाही, हे लिहिताना मला अजून ठाऊक नाही.

बांधून आलेली पहिली प्रत मी यंदाच्या दसऱ्याला घरी आणली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. बाबा गाळ्यातली पूजा करून नुकतेच आले होते. मी प्रत पुढे केली तसे ते दोन पावलं मागे सरकले.

‘थांब,’ म्हणाले, आणि मोरीत गेले.

साबणाचा आवाज येत होता. एकदा धुतले. आई म्हणाली, ‘काय चामडी काढतास?’ परत धुतले. तिसऱ्यांदा धुऊन बाहेर आले, खिडकीपाशी उभे राहून दोन्ही हात उजेडात धरले, नखं बघितली. नखांच्या कडेला पिवळं होतंच. तीस वर्षांचं तेलही तिथेच होतं, ते साबणाने जात नाही.

‘बाबा, आता काही होत नाही. छापून झालंय,’ मी म्हटलं.

‘तरी पण,’ बाबा म्हणाले. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि ओले हात पाठीमागे धरले. ‘तू पान उलट. मी बघतंय.’